पोटदुखीला नाटक म्हणू नका

पालकहो,

जानेवारी लागला की शाळेतल्या समुपदेशकाच्या खोलीत एक तक्रार हमखास येते. "मॅडम, प्रिलिम सुरू झाल्यापासून रोज सकाळी हिच्या पोटात दुखतं. रविवारी मात्र ठणठणीत! पेपर देऊन आली की पाणीपुरी खायला तयार. मग हे नाटक नाही तर काय?" बोलणारी आई रागावलेली वाटते, पण खरं तर ती दमलेली असते. ओवा खायला घालून झालेला असतो, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावून झालेला असतो, डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला. आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, असा सरळ हिशेब घरात मांडला जातो.

त्या हिशेबाबद्दलच आज बोलू या. सोनोग्राफीत अवयवांचा आकार दिसतो, खडा दिसतो, सूज दिसते. पण मुलीची आतडी रोज सकाळी कशी वागतात, कुठे आवळतात, कुठे थबकतात, हे त्या चित्रात उमटत नाही. तेव्हा रिपोर्ट खरा असतो आणि मुलीचं दुखणंही तितकंच खरं असतं.

याचा सुगावा विज्ञानाला फार पूर्वीच लागला, तोही योगायोगाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी मांजरांना बिस्मथ कालवलेलं अन्न देऊन त्यांचं पचन क्ष-किरणांखाली बघत होता. क्ष-किरणांचा शोध १८९५चा, म्हणजे तेव्हा अगदी ताजा. शांत पडलेल्या मांजराच्या जठरावरून लाटा सरकताना दिसत. मांजर बिथरलं की लाटा थांबत, निवळलं की पुन्हा सुरू होत. अन्न तेच, जठर तेच. बदललेली असे ती फक्त मांजराची मनःस्थिती. भीती आणि संतापाच्या वेळी शरीर लढायला किंवा पळायला कसं सज्ज होतं, हे पुढे १९१५ साली कॅनननेच सविस्तर मांडलं.

तीच सज्जता तुमच्या मुलीच्या शरीरात सकाळी साडेसहाला सुरू होते. मेंदूला धोका वाटला की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सोडतात आणि त्यामागून कॉर्टिसोल. छाती धडधडते, तळवे गार पडतात, तोंडाला कोरड पडते. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. जठराचं काम मंदावतं, म्हणून पोहे घशाखाली उतरत नाहीत. मोठं आतडं उलट घाई करतं, म्हणून रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असताना पुन्हा एकदा संडासला जावं लागतं. कॉर्टिसोल तसंही सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दिवसातली सगळ्यांत वरची पातळी गाठतं. पेपरची धास्ती त्याच वेळी येऊन मिळते. पेपर सुटला की हा सगळा कारभार आवरता घेतला जातो आणि दडपलेली भूक एकदम वर येते. पाणीपुरीची फर्माईश तिथून आलेली असते. रविवारी दुखत नाही याचंही कारण तेच.

आता मुलीला विचारा, "नेमकं कुठं दुखतंय, बोट लावून दाखव." शाळकरी मूल बहुतेक वेळा बेंबीपाशी हात नेतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दहातल्या एका मुलाला वारंवार पोटदुखीचा त्रास होता आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या पोटात एखादा आजार सापडला. दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितका शरीरातल्या आजाराचा संशय जास्त, हा अ‍ॅप्लींचा ठोकताळा बालरोगतज्ज्ञ आजही लक्षात ठेवतात.

ठोकताळा म्हणजे निदान नव्हे, हेही त्याच दमात सांगते. सगळं काही ताणावर ढकलून मोकळं होण्याची चूक मोठमोठ्या डॉक्टरांकडूनही झालेली आहे. १९३६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेली यांनी उंदरांना थंडी, इजा, दमवणूक अशा नाना प्रकारे त्रास देऊन पाहिला. त्रास कोणताही असो, शरीरात बदल तेच: अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आकसलेली आणि जठरात रक्ताळलेले व्रण. ताणाचा शरीरावर होणारा परिणाम समजायला इथून मोठी चालना मिळाली. पण त्याच ओघात माणसाचा अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट खाणं, अशी समजूत पक्की होऊन बसली. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवून दिलं, की बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. २००५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. काळजी करू नकोस, असं सांगून वाटेला लावलेल्या कितीतरी रुग्णांना खरं तर प्रतिजैविकांची गरज होती.

म्हणून आधी डॉक्टर. पोटदुखीने मूल झोपेतून जागं होत असेल, वजन उतरत असेल, ताप, सारखी उलटी किंवा शौचावाटे रक्त असेल, दुखणं उजवीकडे खाली सरकत असेल, तर समुपदेशकाकडे येण्यात वेळ घालवू नका. डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाचा चष्म्याचा नंबर आधी तपासा. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघा, वयात आलेल्या मुलींचं तर हमखास. हे सगळं ठीक निघालं की मग ताणाचा विचार करायचा, आणि तो मनापासून करायचा. "डॉक्टरांनी सांगितलंय ना काही झालं नाही, चल ऊठ" हे वाक्य मुलाला 'तू खोटारडा आहेस' असं ऐकू येतं.

थोडी धास्ती हवीच. ती नसती तर पहाटे उठून प्रमेयं कुणी सोडवली असती? पेपरच्या आधीची धडधड लक्ष टोकदार करते. घोटाळा होतो तो ही सज्जता उतरायला जागाच मिळत नाही तेव्हा. जूनमध्ये क्लास सुरू होतो, दिवाळीच्या सुट्टीत जादा तास, मग टेस्ट सिरीज, मग प्रिलिम, मग बोर्ड. मंद आचेवर विसरून गेलेल्या पातेल्यासारखं शरीर आतून आटत राहतं.

आटतं म्हणजे काय, ते एका प्रयोगातून सांगते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला दोनदा अगदी छोटी, एकसारखी जखम केली गेली: एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला, म्हणजे सुमारे तीन दिवस. अकरापैकी एकाचीही जखम सुट्टीतल्या वेगाने भरली नाही. ही धडधाकट तरुण मुलं होती आणि परीक्षा त्यांच्या सवयीची होती. सर्दीचंही तसंच. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले होते. सर्वांत कमी ताण असलेल्यांत सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली, सर्वांत जास्त ताण असलेल्यांत सुमारे ४७ टक्के. 'ऐन परीक्षेत नेमकी आजारी पडते' याला नशीब म्हणायचं कारण नाही.

मुलांमध्ये हा ताण वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतो. कुणाचं डोकं चढतं, कुणी नखं कुरतडतं, कुणाच्या चेहऱ्यावर मुरमं उसळतात. मुलींची पाळी पुढे जाते किंवा महिना चुकतो. आया घाबरतात, बाबांना कळवलंही जात नाही. केस गळायला लागतात ते बहुधा ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे परीक्षा संपून मे महिना उजाडल्यावर कंगव्यात केसांचा पुंजका दिसतो आणि दोष नव्या शाम्पूला जातो. आणि झोप! रात्री दोनपर्यंत दिवा जळतो, सकाळी डोळे चुरचुरतात, वाचलेलं आठवत नाही, म्हणून पुढच्या रात्री आणखी जागरण.

आता थोडं तुमच्याबद्दल. रागावू नका, पण मुलाच्या पोटदुखीचा एक धागा पुष्कळदा तुमच्या आमच्या छातीतल्या धडधडीशी जोडलेला असतो. २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ ते १४ महिन्यांच्या बाळांच्या आयांना बाळापासून दूर, दुसऱ्या खोलीत परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं. काही परीक्षक कपाळाला आठ्या घालून, नकारार्थी मान हलवत बसले होते. मग आई परतली आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. दडपणाखाली आलेल्या आयांच्या बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांतही काही मिनिटांतच ताणाची चिन्हं उमटली, आणि आईचा ताण जितका जास्त तितकी ती ठळक. बाळाने त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं.

वर्षाच्या बाळाला जे कळतं ते पंधरा वर्षांच्या मुलाला कळत नसेल? तुम्ही तोंडाने "आम्ही टक्क्यांचं काही म्हणत नाही" म्हणता, आणि मार्कांचा मेसेज आला की तुमचा हात थांबतो, आवाज चढतो किंवा घरात एकदम सामसूम होते. घराचे हप्ते आहेत, नोकरीत बदलीची टांगती तलवार आहे, सासऱ्यांचा मोतिबिंदू आहे. चहाबरोबर अ‍ॅसिडिटीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी मात्र विसरलेली. हे सगळं मूल बघत असतं. ताण आला की माणसाने कसं वागायचं, हे ते पुस्तकातून शिकत नाही. तुमच्याकडून शिकतं.

मग करायचं काय? उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात.

पहिली झोप. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. दिवसा वाचलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेत. त्यामुळे रात्रीचे दोन तास वाचून मिळवलेलं झोप कापून घालवलं जातं. मोबाईल झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा, आणि हा नियम आईबाबांच्या मोबाईललाही. संध्याकाळी उशिरा कॉफी नको. पाच-सहा तासांनंतरही तिच्यातलं निम्मं कॅफीन अंगात शिल्लक असतं.

दुसरं खाणं. पेपरच्या सकाळी बशीभर पोहे संपवायचा आग्रह धरू नका; जठराने तेव्हा दार लावून घेतलेलं असतं. केळं, गूळ-शेंगदाण्याचा एखादा लाडू, मऊ भात-तूप असं थोडं द्या आणि डब्यात थोडं सोबत द्या. पेपर सुटल्यावर ते खाल्लं जाईल.

तिसरं, घाम गाळणं. दहावीचं वर्ष म्हणून सगळ्यांत आधी मैदान बंद होतं, आणि नेमकं तेच चालू राहायला हवं. लढायला-पळायला सज्ज झालेल्या शरीराला खरोखर पळू दिलं की ती सज्जता खर्ची पडते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढा वेळ नसेल तर संध्याकाळी अर्धा तास सायकल, दोरीच्या उड्या, गच्चीवर बॅडमिंटन. क्लासला गाडीवर सोडण्याऐवजी चालत जाऊ द्या.

चौथा श्वास. हे आत्ता वाचता वाचताच करून बघा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि नाडी शोधा. सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना दुरावतात. कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवरतो; हाच मज्जातंतू आतड्यांपर्यंतही पोहोचतो. मुलाला हे ठोके स्वतःच्या बोटांना जाणवले की 'दीर्घ श्वास घे' हा कोरडा उपदेश राहत नाही. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला होता, तेव्हा हे काही परदेशातून आलेलं फॅड नव्हे. मात्र पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. आजपासून रोज झोपताना केलं तर त्या दिवशी साथ देईल.

पाचवा तुमचा आवाज. विस्कॉन्सिन विद्यापीठात ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली. त्यानंतर काहींना आई येऊन भेटली, काहींशी ती फोनवर बोलली, काहींना तिची भेट मिळाली नाही की फोनही नाही. आई भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या, दोन्ही गटांतल्या मुलींचं कॉर्टिसोल लवकर उतरलं. फोनवरचा नुसता आवाजही पुरला. २०१० सालचा हा अभ्यास. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी आईला फक्त लेखी मेसेज करायला सांगितलं, तेव्हा तो दिलासा मिळाला नाही. म्हणून बाहेरगावी, लातूरला किंवा कोट्याला क्लाससाठी ठेवलेल्या मुलाला 'ऑल द बेस्ट'चा स्टिकर पाठवून थांबू नका. फोन लावा. आणि त्या फोनवर टेस्टचे मार्क विचारू नका. मेसचं जेवण कसं आहे, रूमवर कोण कोण आहे, ते विचारा.

बोलण्याचं थोडं आणखी. पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच गाठून प्रश्नपत्रिका पडताळत बसू नका. लिहिलेलं उत्तर आता बदलत नाही, उद्याच्या पेपरची सकाळ मात्र बिघडते. मामा-मावशींचे 'किती पडतील?' हे फोन तुम्ही घ्या, मुलाच्या हातात देऊ नका. आणि आताच, निकालाच्या खूप आधी, एकदा शांतपणे बसून पुढच्या वाटा सांगा. महाराष्ट्र बोर्डाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. उत्तीर्ण होऊनही मार्क कमी वाटले तर श्रेणीसुधाराची सोय आहे. आयटीआय आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. हे सांगितलं तर मूल अभ्यास सोडून देईल, ही भीती बाळगू नका. परतीची वाट माहीत असलेलं मूल निर्धास्तपणे पुढे जातं.

इतकं करूनही मूल गप्प गप्प राहत असेल, मित्र तुटले असतील, आवडीचं जेवण पुढे आलं तरी हात जात नसेल, दोन आठवड्यांहून अधिक झोप उडाली असेल, तर शाळेतल्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. 'मी नसले तर बरं' अशा अर्थाचं एक वाक्य जरी कानावर पडलं, तरी त्याच दिवशी भेटा आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. पालकांनीही स्वतःसाठी तिथे फोन करायला हरकत नाही.

शेवटची विनंती तुमच्या स्वतःच्या शरीरासाठी. मुलाच्या परीक्षेच्या वर्षात घरातली सगळी पथ्यं मुलासाठी असतात आणि आईबाबा वर्षभर स्वतःच्या डोक्याला, पाठीला, छातीतल्या जळजळीला 'नंतर बघू' म्हणत राहतात. वाढलेला रक्तदाब बहुधा काही जाणवू देत नाही. मोजल्याशिवाय तो कळत नाही. बोर्डाचं हॉलतिकीट यायच्या आत दोघांनीही जवळच्या दवाखान्यात जाऊन तो एकदा मोजून घ्या, आणि गोळी चालू असेल तर ती उद्यापासून वेळेवर घ्या.